आर्सेनलच्या जागा : वुलिचच्या पटांगणापासून ॲशबर्टन ग्रोव्हपर्यंत

१८८६ साल संपत आले असताना लंडनच्या आग्नेय टोकाला, वुलिचच्या सरकारी शस्त्रकारखान्यातल्या ‘डायल स्क्वेअर’ विभागातील कामगारांनी फुटबॉल विकत घेण्यासाठी वर्गणी काढली. वर्गणी प्रत्येकी सहा पेनी होती. डेव्हिड डॅनस्किन या स्कॉटिश कामगाराने स्वतःचे तीन शिलिंग वर घातले आणि चेंडू आला. ११ डिसेंबरला थेम्सपलीकडे आइल ऑफ डॉग्ज भागात जाऊन या मंडळींनी ईस्टर्न वॉन्डरर्सला ६-० ने हरवले. नाताळच्या दिवशी ‘रॉयल ओक’ या गुत्त्यात बैठक झाली आणि ‘रॉयल आर्सेनल’ हे नाव ठरले. अंगात घालायला सारखे सदरेही नव्हते. संघातले दोघे-तिघे पूर्वी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले होते. त्यांच्या ओळखीने फॉरेस्टने लाल सदरे पाठवले. क्लबचा लाल रंग तेव्हापासूनचा आहे.

खडकीच्या किंवा अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्याची वसाहत ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल : भोंगा वाजला की बाहेर पडणारे कामगार, कंपनीचे पटांगण आणि संध्याकाळचा खेळ. आपल्याकडच्या अशा बहुतेक संघांचा प्रवास पटांगणावरच थांबला. वुलिचचा संघ पुढे गेला. आज क्लब एकशे चाळीस वर्षांचा होत असताना त्या प्रवासाकडे मागे वळून पाहिले, की क्लब खेळला कसा याच्याइतकाच तो राहिला कुठे हा प्रश्नही महत्त्वाचा वाटतो. या स्मरणिकेत खेळाडूंवर आणि गाजलेल्या सामन्यांवर इतरांचे लेख आहेत. हा लेख आर्सेनलच्या जागांचा, त्यांच्या भाड्याचा, कर्जाचा आणि ते फेडण्याचा आहे.

पहिला धडा क्लबला घरमालकाने दिला. प्लमस्टेडच्या मोकळ्या माळावरून, तिथून मॅनर ग्राउंडवर, तिथून १८९० मध्ये जरा बऱ्या सोयींच्या इन्व्हिक्टा ग्राउंडवर अशी बिऱ्हाडे हलली. इन्व्हिक्टाला स्टँड होता आणि पायऱ्या होत्या. १८९१ मध्ये क्लब व्यावसायिक झाला आणि १८९३ मध्ये फुटबॉल लीगमध्ये त्याला प्रवेश मिळाला. दक्षिण इंग्लंडमधून लीगमध्ये गेलेला तो पहिला क्लब. आता चांगले पैसे येणार हे ताडून जागेच्या मालकाने भाडे भरमसाट वाढवले. क्लबच्या मंडळींनी भाडे न देता मर्यादित कंपनी स्थापन केली, एकेका पौंडाचे शेअर विकले आणि मॅनर ग्राउंड विकतच घेतले. शेअर घेणारे बहुतांशी कारखान्यातले हातकामगार होते. स्टँड उभारायला आणि मैदान सपाट करायला त्यांच्यातलेच लोक सुटीच्या वेळात राबले. भाड्याच्या जागेत क्लबची वाढ दुसऱ्याच्या मर्जीवर राहते, हे आर्सेनलच्या कारभाऱ्यांच्या मनावर तेव्हा कोरले गेले. पुढच्या शंभर वर्षांतले मोठे निर्णय याच एका जाणिवेतून झालेले दिसतात.

स्वतःची जागा झाली तरी माणसे येईनात. वुलिच मुख्य शहरापासून लांब होते. १९१० मध्ये क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला आणि हेन्री नॉरिस या बांधकाम व्यावसायिकाने तो ताब्यात घेतला. नॉरिस हा हट्टी आणि वादग्रस्त माणूस होता, पण जमिनीची पारख त्याला होती. भुयारी रेल्वेच्या स्थानकालगत मैदान असले की प्रेक्षक आपोआप येतील हे त्याने ओळखले. उत्तर लंडनमध्ये हायबरी इथे सेंट जॉन्स या धर्मशास्त्र महाविद्यालयाचे क्रीडांगण होते आणि शेजारीच गिलेस्पी रोड स्थानक. २१ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी २० हजार पौंड मोजले गेले. गुड फ्रायडे आणि नाताळ या दिवशी तिथे सामने होणार नाहीत, अशी महाविद्यालयाची अट होती. टॉटनहॅम आणि क्लॅप्टन ओरिएंट या शेजारच्या क्लबांनी आकांडतांडव केले, आसपासच्या रहिवाशांनीही विरोध केला. पण ६ सप्टेंबर १९१३ रोजी लेस्टर फॉसविरुद्ध हायबरीचा पहिला सामना झाला. स्टँड अर्धवट होता आणि सोयी इतक्या अपुऱ्या, की जखमी झालेल्या जॉर्ज जोबी या खेळाडूला दूधवाल्याच्या गाडीवरून न्यावे लागले. सामना आर्सेनलने २-१ ने जिंकला.

१९२५ मध्ये ६४ हजार पौंड देऊन क्लबने हायबरीची जमीन कायमची विकत घेतली. त्याच वर्षी हर्बर्ट चॅपमन मॅनेजर म्हणून आले. चॅपमन यांच्या डावपेचांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जागेच्या दृष्टीनेही ते काळाच्या पुढे होते. १९३२ मध्ये गिलेस्पी रोड स्थानकाचे नाव त्यांनी ‘आर्सेनल’ करून घेतले. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर त्यामुळे क्लबची फुकट आणि कायमची जाहिरात झाली. त्याच वर्षी क्लॉड फेरियर यांच्या आराखड्याचा पश्चिम स्टँड उभा राहिला. त्यावर पन्नास हजार पौंडांच्या आसपास खर्च झाला. टॉम व्हिटेकर या माजी खेळाडूला चॅपमन यांनी खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करायचे काम दिले, आणि हायबरीच्या उपचारकक्षाची कीर्ती इंग्लंडभर पसरली. खेळाडूची देखभाल हा क्लबच्या खर्चातला रीतसर भाग आहे, हा विचार इथे पहिल्यांदा रुजला.

जानेवारी १९३४ मध्ये चॅपमन अकाली गेले. मार्च १९३५ मध्ये संडरलंडविरुद्धच्या सामन्याला ७३,२९५ प्रेक्षक आले. हायबरीत इतकी गर्दी पुन्हा कधी झाली नाही. त्या गर्दीच्या भरवशावर १९३६ मध्ये पूर्व स्टँड बांधला गेला. संगमरवरासारखी झळकणारी दालने असलेल्या या स्टँडचा खर्च १ लाख ३० हजार पौंडांवर गेला. अंदाजापेक्षा तो कितीतरी जास्त होता. तीन वर्षांत महायुद्ध सुरू झाले. हायबरी हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या पथकांचे केंद्र बनले, उत्तरेकडच्या पायऱ्यांच्या छतावर बॉम्ब पडले आणि आर्सेनलला आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, टॉटनहॅमच्या मैदानावर खेळावे लागले. उत्पन्न बंद, कर्ज चालू. स्टेडियम भरभराटीच्या दिवसांत बांधले जाते आणि त्याचे हप्ते मात्र कुठल्या दिवसांत फेडावे लागतील ते कोणाच्याच हातात नसते. सत्तर वर्षांनी हाच अनुभव कितीतरी मोठ्या आकड्यांत पुन्हा आला.

युद्धानंतरची चाळीस वर्षे या लेखाच्या दृष्टीने संथ आहेत. करंडक आले-गेले, हायबरी तशीच राहिली. बदल घडवला तो एका भीषण दुर्घटनेने. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांचा बळी गेला. त्यानंतर लॉर्ड टेलर यांच्या चौकशी अहवालाने वरच्या श्रेणीतल्या मैदानांवरच्या उभ्याच्या जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसवायला लावल्या. हायबरीचा ‘नॉर्थ बँक’ हा उभ्याच्या प्रेक्षकांचा उतार १९९२ मध्ये पाडण्यात आला. नव्या स्टँडसाठी क्लबने कर्जरोखे काढले. हजार-दीड हजार पौंडांचा रोखा घेईल त्याला हंगामी तिकिटाचा हक्क मिळणार होता. पिढ्यान्‌पिढ्या काही पौंडांत उभे राहून सामना पाहणाऱ्या कामगार कुटुंबांना हा घाव वर्मी लागला. त्यांनी विरोध संघटित केला. काम चालू असताना त्या बाजूला प्रेक्षकांची चित्रे रंगवलेला प्रचंड पडदा लावला होता. त्या चित्रांत एकही कृष्णवर्णीय चेहरा नव्हता. उत्तर लंडनच्या त्या गर्दीशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याच्या हे तत्काळ लक्षात आले असते. तक्रारी झाल्यावर पडदा पुन्हा रंगवावा लागला.

सुधारलेल्या हायबरीत ३८ हजार माणसे बसत. हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी वर्षांनुवर्षांची होती. आता इथे थोडे थांबून हायबरी सोडून वीस मैलांवर हर्टफर्डशायरमध्ये जायला हवे, कारण आर्सेनलचे नवे युग तिथल्या गवतावर सुरू झाले असे माझे ठाम मत आहे.

लंडन कोल्नी या गावाजवळ युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची विद्यार्थ्यांसाठीची मैदाने आहेत. आर्सेनलचा पहिला संघ अनेक वर्षे तिथे भाड्याने सराव करत होता. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एक, आणि सरावाला विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकातून उरलेली जागा! १९९६ च्या शरद ऋतूत आर्सेन वेंगर जपानच्या नागोया ग्रॅम्पसकडून आले. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. स्नायू ताणण्याचे व्यायाम, वाफवलेल्या भाज्या, उकडलेली कोंबडी, मिनिटांत मोजून आखलेला सराव, असे सगळे नवे त्यांनी आणले. पण ते करायचे कुठे? मैदान आपले नाही, स्वयंपाकघर आपले नाही, अंघोळीची जागाही आपली नाही. त्यातच कपडे बदलण्याच्या इमारतीला आग लागली. मग खेळाडू सेंट ऑल्बन्सजवळच्या सोपवेल हाउस या हॉटेलात कपडे बदलत, जेवत आणि तिथून मैदानावर जात. १९९८ चा लीग आणि एफए कप असा दुहेरी मुकुट आर्सेनलने हॉटेलातून ये-जा करत जिंकला, हे इथे नोंदवलेच पाहिजे. चांगल्या सोयींवाचून जिंकता येत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला हे उदाहरण पुरे आहे. वर्षानुवर्षे टिकून राहणे मात्र हॉटेलातून जमत नाही.

सरावकेंद्राला पैसे कुठून आले, ही आर्सेनलच्या हिशेबवहीतली सर्वांत सुंदर नोंद म्हणता येईल. फेब्रुवारी १९९७ मध्ये वेंगर यांनी पॅरिस सां-जर्मेंकडून निकोला अनेल्का या सतरा वर्षांच्या मुलाला पाच लाख पौंडांत घेतले होते. दोन-अडीच वर्षांनी, ऑगस्ट १९९९ मध्ये, रेआल माद्रिदने त्याच अनेल्कासाठी सुमारे सव्वादोन कोटी पौंड मोजले. त्या रकमेतल्या साधारण निम्म्या पैशांत युव्हेंटसकडून थिएरी आन्री आला आणि जवळपास तेवढ्याच पैशांत सरावकेंद्र झाले. एका रुसलेल्या पोराच्या बदल्यात क्लबला त्याच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आणि खेळाडू घडवायची कायमची जागा मिळाली.

नवे केंद्र विद्यापीठाच्या मैदानांना लागूनच, सुमारे १४० एकरांवर, ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झाले. पूर्ण आकाराची दहा मैदाने, त्यांतल्या काहींच्या खाली गवत गोठू नये म्हणून तापवणाऱ्या नळ्या, पाण्यातल्या व्यायामाचा तलाव, उपचारकक्ष, व्यायामशाळा, भोजनगृह, आणि भरपूर उजेड येईल अशा मोठ्या खिडक्या. वेंगर यांनी इमारतीच्या आराखड्यात इतके लक्ष घातले, की काटे-चमचेही त्यांनीच निवडल्याचे सांगतात. बाहेरचे बूट घालून आत यायचे नाही हा नियमही त्यांचाच. मराठी घरात वाढलेल्याला त्यात विशेष काही वाटणार नाही, पण इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांना हे नवलाचे होते. पहिला संघ, राखीव संघ आणि तरुण मुले एकाच छताखाली जेवू लागली. सोळा वर्षांचा मुलगा शेजारच्या मैदानावर पॅट्रिक व्हिएराचा सराव रोज पाहू लागला. सेस्क फाब्रेगास २००३ मध्ये बार्सिलोनाहून आला तो याच वातावरणात. इंग्लंडचा राष्ट्रीय संघही लंडनमधल्या सामन्यांपूर्वी अनेकदा इथे सरावाला आला. याच केंद्राचे पीक म्हणून २००२ चा वेंगर यांचा दुसरा दुहेरी मुकुट आणि २००३-०४ चा एकही सामना न हरलेला लीग हंगाम यांकडे पाहता येते.

सुमारे एक कोटी पौंड. एका खेळाडूच्या विक्रीतला एक वाटा. कर्ज नाही, हप्ते नाहीत, कोणाचे घर-दुकान हलवले नाही, तिकिटाला एक पेनी वाढवली नाही. क्लबच्या इतिहासात एका पौंडाने इतके काम क्वचितच केले असेल.

स्टेडियमची गोष्ट वेगळी होती. १९९८ पासून दोन हंगाम चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने आर्सेनलने वेम्बलीत खेळले. नोव्हेंबर १९९८ मध्ये लान्सविरुद्ध ७३,७०७ लोक आले. निकाल निराशाजनक लागले, तरी एक गोष्ट सिद्ध झाली : हायबरीच्या दाराबाहेर आणखी तीस-पस्तीस हजार माणसे तिकिटासाठी ताटकळत होती. मँचेस्टर युनायटेड आपले ओल्ड ट्रॅफर्ड वाढवत नेत होता आणि दर सामन्याला आर्सेनलपेक्षा कितीतरी जास्त कमावत होता. हायबरी वाढवावी तर तिन्ही बाजूंनी घरे, आणि पूर्व स्टँड संरक्षित वास्तू. वेम्बलीच विकत घ्यावी अशीही चर्चा झाली. शेवटी संचालक डॅनी फिझमन आणि त्यांचे जमिनीचे सल्लागार यांना नकाशावर हायबरीपासून चालत दहा मिनिटांवर एक तुकडा दिसला. ॲशबर्टन ग्रोव्ह. दोन रेल्वेमार्गांमध्ये अडकलेला त्रिकोण. त्यावर इझलिंग्टन नगरपालिकेचा कचरा डेपो आणि छोट्या-मोठ्या कार्यशाळा होत्या.

नोव्हेंबर १९९९ मध्ये, म्हणजे सरावकेंद्र सुरू झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात, ही योजना जाहीर झाली. मग सुरू झाली लांबलचक चाल. कचरा डेपोसाठी हॉर्न्सी स्ट्रीटवर नवे केंद्र बांधून द्यायचे, परिसरात हजारो घरे उभारायची, त्यांतली काही परवडणाऱ्या दराची. डिसेंबर २००१ मध्ये नगरपालिकेने मंजुरी दिली. कार्यशाळांच्या मालकांना सक्तीच्या भूसंपादनाने जागा सोडावी लागली. काहींनी कोर्टात लढा दिला आणि तो हरले. हे पान क्लबच्या गौरवग्रंथांत बहुधा गाळले जाते. पण दोन-दोन पिढ्यांचा धंदा उचलून दुसरीकडे न्यावा लागलेल्या त्या माणसांचाही या स्टेडियमच्या किमतीत वाटा आहे, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. होलोवे रोड स्थानक मोठे करायची मूळ योजनाही खर्चामुळे सोडून द्यावी लागली. अगदी लगतच्या त्या स्थानकाला सामन्याच्या दिवशीची गर्दी झेपत नाही, आणि लोकांना चालत आर्सेनल किंवा फिन्सबरी पार्क गाठावे लागते.

एप्रिल २००३ मध्ये पैशांची सोय होईना म्हणून काम थांबले. त्याच उन्हाळ्यात रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला, आणि खेळाडूंचे भाव कोणी कल्पना केली नव्हती अशा वेगाने चढू लागले. फेब्रुवारी २००४ मध्ये बँकांच्या समूहाकडून २६ कोटी पौंडांचे कर्ज मिळाले. ऑक्टोबर २००४ मध्ये एमिरेट्स या विमान कंपनीशी १० कोटी पौंडांचा करार झाला : पंधरा वर्षे स्टेडियमला नाव आणि आठ वर्षे सदऱ्यावर जाहिरात. नायकेबरोबर साडेपाच कोटींचा करार झाला. गरजवंताला भाव ठरवता येत नाही. बांधकामाला रोकड तातडीने हवी होती, म्हणून पुढच्या अनेक वर्षांचे उत्पन्न आधीच विकून टाकले गेले. पुढे इतर क्लबांचे जाहिरातींचे करार दुप्पट-तिप्पट होत गेले तेव्हा आर्सेनल आपल्या जुन्या दरांना बांधला गेलेला होता.

७ मे २००६ रोजी विगनला ४-२ ने हरवून हायबरीचा निरोप घेतला गेला. आन्रीने तीन गोल केले. दहा दिवसांनी पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून २-१ अशी हार झाली. जुलैत डेनिस बर्गकाम्पच्या निरोपाच्या सामन्याने नवे स्टेडियम उघडले. साठ हजारांहून जास्त खुर्च्या. जमीन, कचरा केंद्र, पूल असे सगळे धरून एकूण खर्च ३९ कोटी पौंड. त्या वेळच्या दराने तीन हजार कोटी रुपयांच्या वर.

या रकमेचा अर्थ आपल्याकडच्या वाचकाला चटकन लागणार नाही, कारण आपल्याकडे क्लब स्वतःचे स्टेडियम बांधत नाहीत. पुण्यातला आयएसएलचा क्लब राज्य सरकारच्या बालेवाडी क्रीडासंकुलात खेळला आणि २०१९ मध्ये बंदही झाला. मुंबई सिटी अंधेरीच्या क्रीडासंकुलात खेळतो. मैदान सरकारचे किंवा महापालिकेचे असते, क्लब भाडेकरू असतो. लंडनमध्येही तसे घडले आहे : ऑलिम्पिकसाठी सरकारी पैशांतून बांधलेल्या स्टेडियमच्या रूपांतरात वेस्ट हॅमने दीड कोटी पौंड घातले आणि २०१६ मध्ये तो तिथे भाडेकरू म्हणून राहायला गेला. आर्सेनलने मात्र जनतेच्या तिजोरीतून स्टेडियम बांधले नाही. खर्च क्लबने, म्हणजे शेवटी खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी, सोसला. १८९३ मध्ये भाडे नाकारून शेअर विकणाऱ्या कामगारांच्या वारसांना हेच शोभणारे होते असे मला वाटते. म्हणूनच या निर्णयाची किंमत किती पडली हे स्पष्ट सांगायला हवे.

लाभ पहिल्याच वर्षी दिसला. हायबरीच्या शेवटच्या हंगामात सामन्यांच्या दिवसांचे उत्पन्न ४ कोटी ४० लाख पौंडांच्या आसपास होते. नव्या स्टेडियममध्ये ते एकदम ९ कोटींच्या वर गेले. पण दर वर्षी सुमारे दोन कोटी पौंड कर्ज आणि व्याजापोटी जात होते. हायबरीच्या जागी सदनिकांचे संकुल बांधले, मैदानाच्या जागी बाग केली, पूर्व आणि पश्चिम स्टँडचे दर्शनी भाग राखले. पण सदनिका तयार होत आल्या तेव्हा २००८ ची जागतिक मंदी आली, आणि १९३९ ची आठवण व्हावी अशी स्थिती झाली. त्या वर्षी क्लबचे निव्वळ कर्ज ३१ कोटी पौंडांच्या पुढे होते. त्याच वर्षी मँचेस्टर सिटीला अबू धाबीचा मालक मिळाला.

या काळाचा खरा भार वेंगर यांनी वाहिला. बँकांना संघाची कामगिरी स्थिर हवी होती आणि त्यांनी वेंगर यांच्या दीर्घ कराराचा आग्रह धरला, हे वेंगर यांनी स्वतः पुढे सांगितले. चॅम्पियन्स लीगमधले स्थान गेले असते तर हप्ते डगमगले असते. म्हणून दर वर्षी पहिल्या चारांत यायचे आणि दर वर्षी कोणीतरी मोठा खेळाडू विकायचा. २००७ मध्ये आन्री, २००९ मध्ये आदेबायोर आणि कोलो तूरे, २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ८-२ असा पराभव झाला. २०१२ मध्ये रॉबिन व्हॅन पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लीग जिंकली. २००५ च्या एफए कपनंतर नऊ वर्षे कपाटात नवा करंडक आला नाही. आणि तरीही १९९८ पासून २०१७ पर्यंत सलग एकोणीस हंगाम आर्सेनल चॅम्पियन्स लीगमध्ये होता. हे जमले ते लंडन कोल्नीमुळे. विकलेल्या खेळाडूची जागा बाजारातून भरता येत नव्हती, ती सरावाच्या मैदानावर आणि वॉल्थमस्टोच्या हेल एंड अकादमीत घडवून भरावी लागत होती. एक कोटीच्या जागेने ३९ कोटींच्या जागेचे हप्ते फेडायला मदत केली.

दुसरा भार प्रेक्षकांच्या खिशावर पडला. महागातले हंगामी तिकीट दोन हजार पौंडांच्या घरात गेले. जानेवारी २०१३ मध्ये पाहुण्या मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांना ६२ पौंडांचे तिकीट लावले तेव्हा त्यांच्या वाट्याची शेकडो तिकिटे परत आली आणि सिटीच्या समर्थकांनी भर मैदानात निषेधाचा फलक फडकवला. आर्सेनलच्या अनेक प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवून त्यांना साथ दिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत हायबरीच्या नॉर्थ बँकेवर वडिलांचे बोट धरून उभी राहिलेली माणसेही असणार. सहा पेनीच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या क्लबने आपल्याच माणसांना दाराबाहेर ठेवू नये, ही त्यांची मागणी रास्त होती आणि आजही आहे.

२०१२ मध्ये एमिरेट्सशी नवा करार झाला, १५ कोटी पौंडांचा. २०१४ पासून प्युमाचे वर्षाला तीन कोटी येऊ लागले. २०१३ च्या सप्टेंबरात मेसुत ओझिलसाठी सव्वाचार कोटी मोजले गेले, तेव्हा क्लबचा श्वास मोकळा झाल्याचे जगाला कळले. २०१४, २०१५ आणि २०१७ मध्ये एफए कप आला. २०१८ मध्ये वेंगर गेले. २०२० मध्ये, करोनाने स्टेडियम रिकामे असताना, मालक स्टॅन क्रॉन्के यांच्या कंपनीने क्लबला कर्ज देऊन स्टेडियमचे उरलेले रोखे मुदतीआधीच फेडून टाकले. बाहेरच्या रोखेधारकांचे देणे संपले, मालकाचे सुरू झाले. हा बदल चांगला की वाईट ते मालकाच्या धोरणावर अवलंबून राहणार.

आज टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियमचा खर्च एक अब्ज पौंडांच्या घरात गेला आहे आणि मँचेस्टर युनायटेड दोन अब्जांच्या योजनेबद्दल बोलतो आहे. त्यांच्यापुढे ३९ कोटींचा आकडा लहान दिसतो. लंडन कोल्नीतही वेंगर यांच्या इमारतीला नव्या जोडण्या झाल्या, व्यायामशाळा आणि उपचाराच्या सोयी वाढल्या. हेल एंडमध्ये सात-आठ वर्षांचा असताना आलेला बुकायो साका पहिल्या संघाचा आधार झाला, आणि त्याच्यामागून ईथन न्वानेरी व माइल्स लुइस-स्केली आले.

या जागांवर आता महिला संघाचाही बरोबरीचा हक्क आहे. १९८७ मध्ये विक एकर्स यांनी उभा केलेला हा संघ लंडन कोल्नीतच सराव करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्यांच्या सामन्याला एमिरेट्समध्ये ६०,१६० प्रेक्षक आले. मे २०२५ मध्ये लिस्बनला बार्सिलोनाला १-० ने हरवून त्यांनी युरोपचा किताब दुसऱ्यांदा जिंकला, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून लीगमधले त्यांचे सगळे घरचे सामने ॲशबर्टन ग्रोव्हच्या मोठ्या स्टेडियमवर ठेवले गेले.